पहिलं घर, होम लोन आणि टॅक्समधली सूट: हातात नेमकं काय पडतं?

भाडेकरू_रावेत:
पुण्याजवळ रावेतला टू बीएचके बघतोय, काम चालू आहे, ताबा दोन वर्षांनी. ४२ लाख, कार्पेट ६२० चौरस फूट, ३३ लाख लोन काढावं लागेल. माझा पगार वर्षाला साडेअकरा लाख, बायकोचा चार. सेल्स ऑफिसातला मुलगा म्हणतो, "पहिलंच घर ना सर? दीड लाखाची जादा वजावट मिळते, वर पीएम आवासची सबसिडी." हे धरलं तरच हप्ता झेपतोय. खरंय का?

रिटर्नवाली_ताई:
दोन्ही सोडा. दीड लाखाची ती वजावट म्हणजे इन्कम टॅक्सचं कलम ८०ईईए. ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच ती मिळते. आणि पीएम आवास शहरी २.० च्या व्याज सबसिडीला कुटुंबाचं उत्पन्न नऊ लाखांच्या आत, घर ३५ लाखांच्या आत लागतं.

राहिली कलम २४ ची व्याजावरची दोन लाखांची वजावट आणि ८०सी मधली फेडलेल्या मुद्दलीची. स्वतः राहायच्या घराला हे फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये (करपद्धतीत), तेही ताब्यानंतर. नव्यात २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच नाही. मग वजावट घेऊन वाचवणार काय? दर मार्चला कुणीतरी बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट घेऊन मोठ्या आशेने आमच्या ऑफिसात येतं, आणि मला वाईटपणा घ्यावा लागतो.

तुमचे पैसे वाचले तर खरेदीतच वाचतील. काम चालू असलेलं घर ४५ लाखांपर्यंत आणि पुण्यात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत असेल तर जीएसटी एक टक्का. नाहीतर पाच.

धायरीकर:
करार फक्त वहिनींच्या नावाने करा, मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. म्हणजे ४२ हजार. तुमचं नाव जोडलं की सवलत गेली. लोनला को-अप्लिकंट व्हा की. (आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही, पण पावती बघून गप्प बसली.)

भाडेकरू_रावेत:
नव्या रिजीममध्येच आहे मी. पण कव्हर्ड पार्किंगचे अडीच लाख वेगळे सांगितलेत. क्लबहाउसचं विचारलंच नाही.

रिटर्नवाली_ताई:
म्हणजे साडेचव्वेचाळीस झालेच. क्लबहाउस, डेव्हलपमेंट चार्जेस, सगळं त्या ४५ मध्येच धरतात. पन्नास हजारांच्या वर काही निघालं तर जीएसटी ४५ हजारांवरून सव्वादोन लाखांवर जाईल. बुकिंगचा चेक देण्याआधी पूर्ण कॉस्ट शीट सही-शिक्क्यासह मागून घ्या.