नवीन ट्रेनर विमान परदेशातून आणायचंय: कंटेनरनं की उडवत? कागद कुठून सुरू करू?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. सत्तावीस वर्षं न्हावा शेवाहून माल पाठवतोय, त्यामुळं कंटेनर, शिपिंग बिल, सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) हे सगळं अंगवळणी पडलंय. विमान मात्र आयुष्यात पहिल्यांदा घेतोय.

मुलीनं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स काढलं, इन्स्ट्रक्टर रेटिंगही झालं. आमचं घर होटगी रोडला. 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा आम्ही दोघं गच्चीवर होतो. धूळ खाली बसेपर्यंत ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाबा, आता आपल्या इथून विमानं उडतील." गोव्याचं विमान सुरू झालंसुद्धा. आता ती, तिचे दोन बॅचमेट आणि मी मिळून एक नवंकोरं छोटं विमान घ्यायचं म्हणतोय. आधी एका चालू ट्रेनिंग संस्थेला भाड्यानं द्यायचं, ती तिथंच शिकवेल.

अमेरिकेतलं एक दोन सीटांचं लाइट स्पोर्ट विमान बरंच स्वस्त मिळतंय. विकणारा म्हणतो कागद तयार आहेत, 30 टक्के ॲडव्हान्स भरा. भरू का? आणि कंटेनर थेट सोलापूरला आणून इथंच जोडता येईल का?

सीएचए_उरण

साहेब, एकच सांगतो. विमान कशासाठी आणताय ते पहिल्या दिवसापासून कागदावर स्पष्ट असू द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापराच्या विमानाला जीएसटी 40 टक्के आहे, बाकीच्यांना 5. एवढा फरक बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) भरताना निस्तरायला गेलात तर माल पोर्टात आणि डोकं हातात. सीएला आत्ताच बसवा.

एएमई_बाळे

काका, मी आपल्या सोलापुरातल्या बाळ्याचाच. एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनिअर; या कामात एकोणीस वर्षं झाली. ॲडव्हान्स अजिबात भरू नका, आधी हे वाचा.

अमेरिकेत लाइट स्पोर्ट प्रकारातलं फॅक्टरीतून आलेलं विमान कंपनीच्या स्वतःच्या घोषणापत्रावर उडतं. ठरलेल्या मानकांप्रमाणे बनवलंय असं कंपनी लिहून देते, आणि त्यांच्या कायद्यात ते चालतं. त्याला टाइप सर्टिफिकेट नसतं. आपल्याकडं डीजीसीए, म्हणजे नागरी विमानांचा सरकारी नियामक, आधी टाइप सर्टिफिकेट विचारतं: या नमुन्याचं डिझाइन कुठल्या देशाच्या नियामकानं तपासून मंजूर केलं आणि भारतानं तो नमुना स्वीकारलाय का. त्यावर पुढं सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस, म्हणजे ते विमान उडायला योग्य असल्याचा दाखला मिळतो, आणि त्याशिवाय ट्रेनिंग संस्था विमानाला हात लावणार नाही. तुमचा विकणारा खोटं बोलतोय असं नाही. त्याचे कागद तिकडं पूर्ण असतील, इकडं पुरणार नाहीत.

म्हणून आपल्या ट्रेनिंग संस्थांमध्ये आधीपासून असलेल्या नमुन्यांकडं बघा. सेसना 172, पायपर आर्चर, डायमंड डीए 40, टेकनाम पी 2008 जेसी. त्या नमुन्याचं पहिलं विमान मंजूर होऊन आलेलं असलं की पुढच्याची वाट मोकळी असते, आणि सुटे भागही मिळतात.

आता कागद. आयातीची परवानगी, सीए-28 अर्ज करून व्हीटी (भारतीय) नोंदणी, बनवणाऱ्या देशाचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) मोड-एस कोड, रेडिओचं लायसन्स, वजनाचा रिपोर्ट, विमा. प्रत्येक कागदावरचा नंबर त्या-त्या भागावरच्या पाटीशी जुळायला हवा. विमानाचा, इंजिनाचा, प्रोपेलरचा. मी हे एवढं का सांगतोय ते ऐका.

काही वर्षांपूर्वी एका क्लबसाठी आलेला कंटेनर मी उघडला. इंजिनाच्या लॉगबुकात नंबर 51 नं संपत होता, इंजिनावरच्या पाटीवर 15 नं. टाइप करणाऱ्यानं आकडे उलटे केले, बास. कंपनीचं दुरुस्तीपत्र येईपर्यंत 41 दिवस कंटेनर बंदराजवळच्या यार्डात, तोही जुलैत. स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग लावून इंजिन पाठवतात, ओल शोषून घ्यायला. कोरडे असतील तर दाणे निळे दिसतात. मी बघितले तेव्हा चारही गुलाबी झाले होते. बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) आत घातला तर दोन सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे ठिपके. शून्य तासाचं, एकदाही न चाललेलं इंजिन होतं ओ ते. अजून आठवलं की जिवाला लागतं.

तेव्हा पैसे देण्याआधी तिन्ही पाट्यांचे फोटो मागा आणि कागदाशी एकेक आकडा बोट ठेवून ताडा. तुम्ही लॉट नंबर ताडता तसंच.

सोलापुरात जोडायचं म्हणाल तर आत्ता नको. पंख बसवणं, कंट्रोलची हालचाल कोनमापकानं मोजणं, तीन काट्यांवर वजन, कंपास स्विंग (होकायंत्राची चूक मोजून नोंदवणं), इन्स्पेक्टरची तपासणी, मग टेस्ट फ्लाइट. हे मान्यताप्राप्त मेंटेनन्स संस्थेच्या हँगरमध्येच व्हायला हवं. ट्रेलर तिथंच न्या, इथं विमान उडत आणा.

टॉवेलवाला_सोलापूर

भाऊ, डोळे उघडलेत. ॲडव्हान्स थांबवला. पोरगी विचारतेय, नवीन विमान तिकडूनच उडवत आणलं तर? पंख सोडवायला नकोत, मिठाची हवा नको.

फेरी_पायलट_ताई

काका, विमान उडवत पोचवायचं काम (फेरी) दोन वेळा केलंय म्हणून लिहिते. कॅन्ससमधून नवी 172 आणायची तर कॅनडातलं गूज बे, तिथून ग्रीनलँडचा दक्षिण भाग, मग आइसलँडचं रेक्याविक. हे दोन्ही टप्पे साधारण सव्वा हजार किलोमीटरचे. 172 ची रेंज 1,185 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे केबिनमध्ये जादा टाकी, आणि वजन मर्यादेच्या वर जातं म्हणून त्याची वेगळी स्पेशल परमिट. खाली बर्फाचं पाणी. मी पाच-साडेपाच तास रबरी सूटमध्ये बसून बर्फ धरू शकणारं कार्ब्युरेटर नसलेल्या इंजिनाचाही आवाज सेकंदासेकंदाला ऐकत होते. युरोप सोडल्यावर पुढं एव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळवणं हाच मोठा उद्योग होतो.

डीए 40 एनजी ऑस्ट्रियातून येते आणि जेट-ए 1 वर, म्हणजे मोठ्या विमानांच्या इंधनावर चालते. अटलांटिक वाचतं, इंधन कुठंही मिळतं. शेवटचा मस्कत ते अहमदाबाद टप्पा मात्र बराचसा समुद्रावरून, साडेचौदाशे किलोमीटर. आणि पहिलं उतरणं कस्टम्स असलेल्या विमानतळावरच, थेट सोलापूर नाही. मुलीला हौस असेल तर अनुभवी फेरी पायलटच्या शेजारी बसवा. पहिल्याच खेपेला एकटी नको.

टॉवेलवाला_सोलापूर

अमेरिकेतून उत्तर आलं. टाइप सर्टिफिकेट नाही, कंपनीचं घोषणापत्र आहे. बाळ्याच्या भावांनी सांगितलं तेच. त्याला नम्रपणे नाही कळवलं. पोरगी ऑस्ट्रियाच्या कंपनीला मेल लिहीत बसलीय, आणि पहिल्याच ओळीत तिन्ही पाट्यांचे फोटो मागितलेत.

एएमई_बाळे

फोटो आले की मलाही पाठवा काका. दोन जणांनी ताडलेलं बरं.