मदत हवी आहे: हिवाळ्यात पहाटे धावताना वाहनचालकांना वेळेत कसे दिसावे?

नमस्कार. हिवाळ्यात उशिरा उजाडत असल्याने मला पदपथ नसलेल्या रस्त्यावर अंधारातच धावावे लागते. समोरचे वाहन दिसावे म्हणून मी वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने, कडेने धावतो. तरीही परवा धुक्यात एक मोटार अगदी कोपराजवळून गेली आणि तिच्या समोरच्या काचेवर पुसलेली वीतभर जागाच तेवढी मोकळी होती. ताशी 60 किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे येते, त्यामुळे मी चालकाला आधीच दिसणे अत्यावश्यक आहे. माझ्या जाकिटाच्या परावर्तक पट्ट्या झोत पडल्यावरच चमकतात, म्हणून घोट्यांवरही पट्ट्या बांधून कपाळावर दिवा लावावा का? तो चालकांच्या डोळ्यांवर येतो का? विशेषतः वाहन चालवणाऱ्यांनी कृपया सांगावे.