फेन्सिंगचे (तलवारबाजीचे) जुने रेकॉर्ड कोणाला माहितीयत का?

दादरची_आई: मुलगी सहा महिने फेन्सिंग शिकतेय, फॉइल, म्हणजे टोकाने टोचायची हलकी तलवार. पाठीला वायर लावून उभी राहिली की माझं सगळं लक्ष टच झाल्याचा दिवा कधी लागतो तिकडे, पण ती मला जुने रेकॉर्ड विचारते आणि मला आपल्या फेन्सर भवानीदेवीच्या पुढे काही येत नाही. सांगाल का?

गिरगावकर: हंगेरीचा अलादार गेरेविच सांगा तिला! सेबरवाला, म्हणजे धारेनेही वार करतात ती तलवार. १९३२ ते १९६०, सलग ६ ऑलिम्पिकमध्ये टीमचं गोल्ड, आणि मधली १९४० अन् १९४४ ची तर युद्धामुळे झालीच नाहीत, शेवटचं गोल्ड घेतलं तेव्हा वय ५०, कमाल माणूस.

ठाणे_लोकल: ऑलिम्पिक मेडल मोजायची तर इटलीचा मांजारोत्ती, १३. मूळचा उजवा, पण वडिलांनी मुद्दाम डावखुरा घडवला, कारण डाव्याचं पातं उलट्या बाजूने येतं आणि समोरचा गडबडतो.

दादरची_आई: अय्या, ही पण डावखुरीच! घरी गेल्यावर पहिलं हेच सांगते.

गिरगावकर: आणि भवानीदेवीचं पण कमी नाही हां, ऑलिम्पिकला उतरलेली आपली पहिली फेन्सर, टोकियोत पहिली मॅच १५-३ ने जिंकली, मी पहाटे उठून बघितलेली, अजून अंगावर काटा येतो.