सुमेरवरील विस्तारसंचात 'मे' कसे खेळवावेत?

प्रश्न : आमच्या पौराणिक पत्त्यांच्या खेळासाठी मी सुमेर (प्राचीन दक्षिण इराक) संस्कृतीच्या उदयावर विस्तारसंच रचत आहे. राजपद, लेखन, सुतारकाम अशा संस्कृतीच्या दैवी शक्ती, म्हणजेच 'मे', एरिडू नगराचा देव एन्की याने मद्याच्या अमलाखाली उरुक नगराची देवी इनान्ना हिला दिल्या आणि तिने त्या एरिडूहून नावेने उरुकला नेल्या, ही कथा मला केंद्रस्थानी हवी आहे. नगरांचे आणि देवांचे पत्ते वेगळे ठेवावेत का?

उत्तर : वेगळे ठेवा, पण जोडीने बांधा, कारण उरचा नन्ना, निप्पूरचा एन्लिल असे प्रत्येक नगराला आपले दैवत होते, आणि उरच्या विलापगीतात नगर पडताना देवही ते सोडून जातात.

उत्तर : 'मे' नावेवर उपडे मांडावेत आणि एन्कीचा दूत इसिमूद याने ती वाटेत पुनःपुन्हा अडवावी. कथेतील 'मे'च्या यादीत कपट, नगरांची लूट आणि विलापही आहेत, म्हणून खेळाडूला केवळ सोयीचे पत्ते निवडू देऊ नयेत. माझ्या मते या कथेचे खरे मोठेपण तिथेच आहे.

उत्तर : लेखनाच्या पत्त्याची किंमत धान्यात ठेवावी. उरुकच्या इ.स.पू. ३३०० च्या सुमाराच्या मृत्पाट्यांवर मुख्यतः धान्य, जनावरे आणि मद्य यांचेच हिशेब आहेत.