पाठदुखीवर सरकारी पैसा नेमका कुठे जावा? स्कॅनवर, की माणूस चालता ठेवण्यावर?

उभाकणा:
माणसं आजारपण अंगावर घेऊन सगळ्यात जास्त वर्षं कशामुळे काढतात असं विचारलं की लोक हार्ट, शुगर, कॅन्सर म्हणतात. उत्तर कंबरदुखी आहे, आणि १९९० पासून तेच आहे. २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. तरी आरोग्याच्या धोरणात हिला जागा नाही, कारण हिने कोणी मरत नाही.

आणि जो पैसा खर्च होतो तो भलतीकडेच. कंबर धरली की एमआरआय, रिपोर्टमध्ये 'डिस्क डीजनरेशन' दिसलं की माणूस घाबरून वाकायचंच बंद करतो. अहो, ज्यांना काहीही दुखत नाही अशा विशीतल्या लोकांचे स्कॅन पाहिले तर ३७ टक्क्यांत डिस्कची झीज दिसते, ऐंशीतल्या लोकांत ९६ टक्क्यांत. साधारण दहातल्या नऊ जणांच्या कंबरदुखीला एक ठराविक कारण सापडतच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे सरकारी खर्चाने स्कॅन नको. तो पैसा प्राथमिक केंद्रात फिजिओ नेमायला आणि 'झोपून राहू नका, हालते राहा' हे टीव्ही-रेडिओवर सतत सांगायला वापरा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून अशीच जाहिरात-मोहीम चालवली, लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि पाठीचे भरपाईचे दावे १५ टक्क्यांहून जास्त घटले.

मालउतारा:
म्हणजे पाठ आमची जाणार आणि वर समजूतही आमचीच बदलायची? मी गोदामात माल उतरवतो. शेजारच्या माणसाची कंबर धरली तेव्हा त्याला पट्टा दिला, 'गुडघ्यातून वाकून उचल' असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच माल. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचं उचलण्याचं सूत्र बघा, सगळं अगदी आदर्श असेल, वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पिळवटायचं नाही, अधूनमधूनच उचलायची, तर २३ किलो. यातलं एकेक बिघडलं की वजन खाली येतं. गोदामात सगळंच बिघडलेलं असतं. हा नियम कायद्यात आणा आणि तपासायला माणूस पाठवा, मग जाहिराती करा.

उभाकणा:
पट्ट्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यात कमरेचे पट्टे नकोत, ट्रॅक्शन (वजन लावून कणा ताणणं) नको, ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या नकोत असंच आहे. पण कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा सांगतो की उचलायचं प्रशिक्षण दिलं, सोबत उचलायची साधनं दिली तरी पाठदुखी टळल्याचं दिसत नाही. आणि दिवसभर बसून काम करणाऱ्यांचीही पाठ दुखतेच की, त्यांना वजनाचा कायदा काय देणार?

मालउतारा:
साधनं देऊन फरक पडत नाही कारण साधन दिलं तरी तासाला किती माल हलवायचा ते कोणी कमी करत नाही! ट्रॉली आणायला जायला वेळच नसतो म्हणून ती कोपऱ्यात पडून राहते. वेग कमी करा असं लिहिलेलं एक तरी धोरण दाखवा. धोरण लिहिणारे सगळे खुर्चीत बसणारे, त्यामुळे त्यांना 'व्यायाम करा' एवढंच सुचतं.

दुसरीबाजू:
मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, आणि 'सहा आठवडे स्कॅन नको' या वाक्याची तर भीतीच वाटते. माझ्या मावशीला मणक्याचा टीबी होता. कितीतरी महिने 'स्नायू आखडलेत' म्हणून गोळ्या दिल्या, पाय लुळे पडायला लागले तेव्हा कुठे तपासणी झाली. उभाकणा, तुम्ही 'धोक्याची लक्षणं नसतील तर' असं लिहिलंत, पण गर्दीच्या ओपीडीत नियमाचा तेवढाच भाग गळून पडतो आणि 'स्कॅन नको' एवढंच उरतं. ताप, विनाकारण उतरणारं वजन, रात्री झोपू न देणारी कळ, पूर्वी झालेला कॅन्सर, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, हे पहिल्याच भेटीत विचारणं सक्तीचं करा आणि यातली काही लक्षणं तर अशी की त्याच दिवशी पाठवायला हवं. मग स्कॅनवर मर्यादा घाला.

आणि मणक्याचं अपंगत्व म्हणजे फक्त कंबरदुखी नाही हो. जगात दीड कोटीहून जास्त लोक मज्जारज्जूची इजा घेऊन जगतायत, बरेचसे पडून नाहीतर रस्त्यावरच्या अपघातात. हेल्मेट, सीटबेल्ट, उंचावर काम करणाऱ्याला दोर, हे सगळं मणक्याचंच धोरण आहे. स्पायना बायफिडाचं घ्या, म्हणजे गर्भातच बाळाचा मणका नीट न जुळणं. आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर असे दोष ७२ टक्क्यांनी कमी होतात हे १९९१ सालीच सिद्ध झालं. पिठात ते मिसळायला किती खर्च येतो आणि एक मूल आयुष्यभर चालू न शकणं म्हणजे काय, याचा हिशोब कोणी मांडतं का?

फिजिओताई:
मी रोज हेच पेशंट बघते म्हणून थोडं लांब लिहितेय. व्हिक्टोरियाचं उदाहरण सगळे देतात पण अर्धंच. तशाच मोहिमा स्कॉटलंड आणि कॅनडातल्या अल्बर्टामध्ये झाल्या, तिथे लोकांच्या समजुती सुधारल्या पण कामावरची गैरहजेरी काही घटली नाही. व्हिक्टोरियात मोहीम चालवणारी संस्था कामगारांना भरपाई देणारीच होती आणि डॉक्टरांना उपचाराच्या मार्गदर्शक सूचनाही पाठवल्या होत्या, मला वाटतं फरक तिथे पडला. म्हणजे नुसती जाहिरात पुरत नाही. पण 'व्यायाम' या शब्दाला मालउतारा जितके चिडलेत तितकं चिडू नये असंही वाटतं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा अभ्यास आला, नुकतीच कंबरदुखी बरी झालेले लोक. हळूहळू वाढवत नेलेलं चालणं आणि फिजिओचं थोडं मार्गदर्शन, एवढ्यावर दुखणं परत यायला मध्यक (निम्म्या लोकांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, काहीच न केलेल्यांना ११२. याला ना मशीन लागतं ना ऑपरेशन.

मालउतारा:
ताई, चालण्यावर राग नाहीये. आठ-दहा तास माल हलवून घरी आलेल्याने कधी चालायचं ते सांगा. कामाच्या वेळेत, पगारी, अशी अर्ध्या तासाची सोय कायद्यात बसवणार असाल तर पहिली सही माझी.

उभाकणा:
पगारी वेळेला माझाही पाठिंबा. दुसरीबाजू, तुमची प्रश्नांची यादी केसपेपरवर छापूनच यावी, त्यावर टिक केल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, हेही मान्य. पण सहा आठवड्यांचा मुद्दा मी सोडत नाही. यादीत काहीच न सापडलेल्या माणसाला स्कॅनच्या रांगेत उभं केलं की तुमच्या मावशीसारख्या पेशंटचाच नंबर मागे जातो.

दुसरीबाजू:
रांगेचं पटतं. पण ती यादी विचारायला डॉक्टरला एका पेशंटमागे किती मिनिटं मिळणार ते आधी ठरवा. दोन मिनिटांत टिकाच होतील, प्रश्न विचारले जाणार नाहीत.