गाडीचे मागचे शॉक (शॉक ॲबसॉर्बर) घरी बदलताना वरचा नट फिरतच राहतो

जुनी हॅचबॅक, मागे सरळ ॲक्सल, स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे. डाव्या शॉकमधून तेल गळतंय. वरचा नट सोडवताना आतला रॉडही सोबत फिरतो. एकच शॉक बदलला तर चालेल का?

उत्तर १:
जोडीच बदला, नाहीतर दोन्ही बाजूंचं डॅम्पिंग (हेलकावे शमवणं) वेगळं राहतं. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. रॉडच्या टोकाला बहुतेक वेळा दोन चपट्या कडा असतात. त्या छोट्या पान्याने धरा आणि नट रिंग पान्याने सोडवा. चकाकणाऱ्या रॉडला पक्कड लावू नका. जुन्याचं जाऊ द्या, पण नव्यावर ओरखडा पडला की तेल अडवणारं सील गेलंच.

उत्तर २:
महत्त्वाचं राहिलं. पुढच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावा, गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको) आणि खालचा बोल्ट काढण्याआधी ॲक्सलखाली जॅक टेकवा. ॲक्सल किती खाली यायचा हे बऱ्याच गाड्यांत शॉकच ठरवतो. आधार नसेल तर ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणतो, स्प्रिंगही निसटते.

उत्तर ३:
नवा शॉक उभा धरून ४-५ वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा निघते. खालचा बोल्ट आधी हलकाच लावा. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने). लटकत्या ॲक्सलवर आवळलात तर बुशचं (बोल्टभोवतीच्या रबरी नळकांड्याचं) रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नट नवेच वापरा.