मदत हवी आहे: सुगिहारांचे व्हिसा मुलांना कसे समजावू?

नमस्कार मंडळी, नववीच्या मुलांसमोर चिउने सुगिहारांवर बोलायचंय, अर्धाच तास आहे. हे जपानी अधिकारी १९४० साली लिथुआनियात कौनासला होते आणि टोकियोची स्पष्ट परवानगी नसताना त्यांनी ज्यूंना दोन हजारांवर ट्रान्झिट व्हिसा (म्हणजे जपानमधून फक्त पुढे जाण्यापुरती परवानगी) हाताने लिहून दिले, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ट्रान्झिटसाठी पुढचा देश दाखवायला लागतो ना, तो दिला यान झ्वार्टेन्डाइक यांनी, फिलिप्सचे तिथले मॅनेजर आणि डच मानद कॉन्सुल. कुरासावला (कॅरिबियनमधलं डच बेट) जायला व्हिसा लागत नाही असं त्यांनी पासपोर्टवर लिहून दिलं आणि तिथल्या गव्हर्नरची परवानगी लागते हे वाक्य मुद्दाम गाळलं! माझ्या मते त्यांचं नाव सुगिहारांच्या बरोबरीनेच घ्यायला हवं.

आता अडचण अशी की सोव्हिएत सरकारने एवढ्या लोकांना ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने व्लादिवोस्तोकपर्यंत जाऊ का दिलं, हे मुलं नक्की विचारणार, ते सोप्या भाषेत कसं सांगू? मराठीत यावर काही वाचलंय का कोणी? आणि जपानमध्ये राहणाऱ्यांपैकी कोणी त्सुरुगाचं म्युझियम बघितलं असेल, जिथे ही माणसं बोटीतून उतरली, तर तिथले स्वतः काढलेले फोटो वर्गात दाखवायला द्याल का प्लीज?